फुल-बॉडी सिगार ओढताय? या चुका टाळा

पार्टागास सेरी डी नंबर ४ ही क्युबन सिगार हातात घेतली की छोटीशीच वाटते. लांबी १२४ मिलिमीटर, जाडी ५० रिंग. म्हणजे इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले पन्नास, जेमतेम दोन सेंटिमीटर. मी ती पहिल्यांदा ओढली ती सकाळी, पोटात फक्त एक कप चहा असताना. अर्ध्यावर आलो आणि तळहात गार पडले, कपाळाला घाम फुटला, समोरची भिंत हलायला लागली. घरच्यांनी गुळाचा खडा आणि पाणी हातात दिलं, तेव्हा पंधरा-वीस मिनिटांत सावरलो.

हे होतं लिगेरोमुळे. तंबाखूच्या झाडाच्या शेंड्याकडची ही पानं. ऊन सगळ्यात जास्त त्यांनाच मिळतं, म्हणून ती जाड, तेलकट आणि निकोटिनने भरलेली असतात. जळतात मात्र सावकाश. म्हणून सिगार वळणारे कारागीर लिगेरो मधोमध ठेवतात आणि सुगंधासाठी सेको, नीट जळण्यासाठी व्होलादो ही झाडाच्या मधल्या आणि खालच्या भागातली पानं तिच्या जोडीला घालतात. फुल-बॉडी, म्हणजे भरदार धुराच्या सिगारमध्ये लिगेरोचं प्रमाण जास्त. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

तेव्हा पहिला नियम: भरपेट जेवल्याशिवाय पेटवू नका. गरगरायला लागलं तर लगेच खाली ठेवा, काहीतरी गोड खा.

रंगावरून कडकपणा ठरवणं

आपल्याकडे 'कडक' या एकाच शब्दात सगळं बसवतात. सिगारच्या बाबतीत निकोटिनचा जोर वेगळा आणि धुराचा तोंडात जाणवणारा भरदारपणा वेगळा. काळपट माडुरो रॅपर, म्हणजे सिगारवर गुंडाळलेलं बाहेरचं पान, पाहून लोक घाबरतात, पण तो रंग जास्त काळ आणि जास्त उष्णतेत मुरवल्याने येतो आणि चव बरेचदा गोडसर, कोकोसारखी लागते. जोर किती ते आतल्या पानांवर ठरतं. निकाराग्वाची पाद्रोन कंपनी तीच सिगार फिकट आणि गडद अशा दोन्ही रॅपरमध्ये विकते. दोन्ही एकेक ओढून बघा, फरक जिभेला कळेल.

पावसाळ्यात सिगार उघड्यावर ठेवणं

मुंबई-कोकणातल्या लोकांनी हा भाग दोनदा वाचावा. सिगारला साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जुलैत आपल्या खिडकीबाहेरची हवा ८० च्या वर सहज जाते. अशा हवेत सिगार फुगते, झुरका ओढताना गाल आत जातात आणि पेटवल्यावर आतलं ओलं पान आणखी फुगून रॅपर उभा तडकतो. उलट मे महिन्यात पुण्या-नगरकडे तीच सिगार कुरकुरीत होते, भसाभस जळते आणि तिखट लागते.

महागड्या लाकडी ह्युमिडोरचं, म्हणजे सिगार ठेवायच्या पेटीचं, झाकण घट्ट बसत नसेल तर तो शोभेचाच. त्यापेक्षा रबराची कड असलेला हवाबंद डबा आणि त्यात ६५ टक्क्यांची, ओलावा देणारी आणि शोषणारी पुडी. माझं काम गेली कित्येक वर्षं यावरच चाललंय. साध्या फ्रिजमध्ये उघडी ठेवू नका. ती वाळते आणि लसणीच्या चटणीचा वास धरते.

तापमान २५ अंशांच्या वर राहिलं की तंबाखूतल्या किड्यांची अंडी उबण्याचा धोका असतो. रॅपरवर टाचणीने टोचल्यासारखं गोल भोक दिसलं की समजा. ती सिगार टाका. बाकीच्या झिप पिशवीत बंद करून तीन दिवस फ्रीजरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये आणि मगच बाहेर. थेट बाहेर काढल्या तर रॅपर तडकतो.

तोंडात धरायचं बंद टोक कापताना त्यावरच्या पानाच्या टोपीच्या रेषेच्या वरच थांबा, दोन मिलिमीटर पुरे. रेषेखाली गेलात की रॅपर सुटायला लागतो. पेटवायला ब्युटेनचा लायटर किंवा लांब काडी घ्या, काडीचा गंधक जळून जाऊ द्या. पेट्रोलचा लायटर आणि मेणबत्ती नकोच, त्यांचा वास पहिल्या झुरक्यापासून शेवटपर्यंत सोबत येतो. ज्योत टोकाला चिकटवू नका; थोडी लांब धरून सिगार फिरवत कड सगळीकडून शेकून घ्या, मग ओढा.

घाई

सगळ्यात मोठी चूक हीच. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. लिगेरोला जळायला वेळ लागतो. तुम्ही भराभर ओढलंत की सिगार तापते, बोटांना ऊब जाणवते आणि मिरी, चामडं, कोको, ओल्या मातीचा वास हे सगळं जाऊन एक करपट कडूपणा उरतो. तसं झालं तर दोन मिनिटं हात लावू नका. मग पेटत्या टोकातून बाहेर, म्हणजे उलट दिशेने, हलकेच फुंका. आत साचलेला जुना धूर निघून जातो आणि चव परतते. राखही सारखी झाडू नका. दीड-दोन सेंटिमीटर राहू दिली तर टोक थंड राहतं.

धूर छातीत ओढायचा नाही. सिगारच्या धुरातलं निकोटिन तोंडातूनच रक्तात जातं. चव पूर्ण कळावी म्हणून तोंडातल्या धुराचा थोडासा भाग नाकावाटे सोडून बघा, पण सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात नको, मिरीचा ठसका बसतो. आणि हे स्पष्ट सांगतो: छातीत न ओढल्याने तोंड-घशाच्या कर्करोगाचा धोका संपत नाही. म्हणून मी महिन्याला एकच ओढतो.

एका बाजूने जळत गेली तर मागे राहिलेल्या कडेला लायटर लावा. विझली तर राख झाडा, फुंका, पुन्हा शेका; तासाभरात चालतं, दुसऱ्या दिवशी नाही. सोबत कोरी कॉफी किंवा साधं पाणी घ्या. पहिल्याच झुरक्याबरोबर धुरकट व्हिस्की घेतली तर जीभ व्हिस्कीचीच चव सांगते.

शेवटच्या हिश्शात जोर वाढतो. कडू लागली, बोटं भाजायला लागली की थांबा. थोटूक चुरगळून विझवू नका, खोलीभर आंबूस वास पसरतो. रक्षापात्रात तशीच ठेवा, पाच-दहा मिनिटांत आपली आपण विझते.