टर्बोची नळी घेताना कापलेलं टोक बघा

गेल्या मे महिन्यात, भर दुपारी, गायमुखच्या चढावर माझ्या डिझेल गाडीचा पिकअप एकदम गेला. मागे काळा धूर, बॉनेटखालून फुस्स असा आवाज. गाडी कडेला घेऊन बघितलं, तर टर्बोकडून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरकडे (ती तापलेली हवा निववणारी जाळी) जाणारी जाड नळी क्लॅम्पच्या अगदी काठाला चार बोटं फाटलेली. आठ महिन्यांपूर्वीच बसवली होती. निळी, चकचकीत, ‘सिलिकॉनची आहे, बिनधास्त घ्या’ असं सांगून दिलेली. रबाळे एमआयडीसीत मी अठरा वर्षं रबराचे भाग तपासले आहेत. तरी ती घेताना टोकाकडे नजर टाकली नाही, याची चुटपुट अजून आहे.

म्हणून पहिलं सांगणं हेच. रंग बघू नका, कापलेलं टोक उजेडात धरा. चांगल्या जाड नळीत कापडाचे तीन-चार थर स्पष्ट मोजता येतात आणि भिंत सगळीकडे सारखी, चार-पाच मिलिमीटर असते. माझ्या फाटलेल्या नळीत कापडाचा एकच थर होता. तोही एका बाजूला सरकलेला, त्यामुळे तिथे भिंत जेमतेम दोन मिलिमीटर उरली होती. फाटली ती तिथेच.

नळी कुठे बसणार आहे हे आधी ठरवा. हवा दाबली की तापते, त्यामुळे टर्बोतून निघालेली हवा जोर लावल्यावर सहज १०० ते १५० अंशांवर जाते. शिवाय शेजारी एक्झॉस्टचं लालबुंद लोखंड. या गरम बाजूला साधं रबर काही महिन्यांत कडक होऊन तडकतं. इथे सिलिकॉनच हवं, आणि आतलं कापड ॲरामिडचं, म्हणजे उष्णतेत टिकणाऱ्या मजबूत धाग्याचं. इंटरकूलरच्या पुढे हवा निवलेली असते. तिथे कंपनीची मूळ रबरी नळी चांगल्या अवस्थेत असेल तर उगाच बदलू नका.

आता तेल. ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर काढणाऱ्या वाटेने, येणारी तेलाची वाफ टर्बोमार्गे याच नळ्यांतून जाते. साधं सिलिकॉन तेल शोषतं, फुगतं, मऊ पडतं आणि बाहेरून ओलसर दिसायला लागतं. आतून फ्लुरोसिलिकॉनचं, म्हणजे तेलाला दाद न देणाऱ्या सिलिकॉनचं, अस्तर असलेली नळी मागा. हे अस्तर बहुधा वेगळ्या रंगाचं असतं, टोकाला चटकन दिसतं. महाग पडते, पण डिझेल गाडीला मी दुसरी घालणार नाही. आणि पेट्रोलच्या लाइनवर सिलिकॉनची नळी कधीही लावू नका. त्यात आगीचा धोका आहे.

बारीक नळ्यांकडे तर कुणी बघतच नाही. वेस्टगेट (टर्बोचा जोर आटोक्यात ठेवणारी झडप) हलवणाऱ्या ॲक्चुएटरला किंवा हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला जाणारी ती पेन्सिलएवढी नळी. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत वेस्टगेट बूस्टच्या, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेच्या, दाबानेच उघडतो. ती नळी निसटली तर तो उघडतच नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर चढतो. थेट इंजिनावर बेततं. व्हॅक्यूमवर, म्हणजे हवेच्या ओढीवर, चालणाऱ्या डिझेल टर्बोत उलट होतं, बूस्ट येतच नाही आणि स्कॅनरवर पी०२९९ हा बूस्ट कमी असल्याचा कोड दिसतो. नळी ज्यावर चढते त्या निपलचं माप व्हर्निअरने घ्या आणि नळी किंचित लहान निवडा. साडेचारच्या निपलला चारची नळी घट्ट बसते. दुकानातच ती दोन बोटांत दाबून सोडा, मग अंगठ्याभोवती वळवा. चपटी होऊन तशीच राहिली तर घेऊ नका. ब्रेक बूस्टरची नळी मात्र ही नव्हे. ती आतल्या ओढीने चपटी होता कामा नये, म्हणून कंपनीचीच घ्या.

क्लॅम्पमध्ये पैसे वाचवू नका. खाचा आरपार असलेला साधा क्लॅम्प मऊ सिलिकॉन कापतो. माझ्या नळीवर त्या खाचांचे ठसे उमटले होते. आतून गुळगुळीत पट्टीचा किंवा टी-बोल्टचा (रुंद पट्टी बोल्टने आवळणारा) घ्या. पाइपच्या टोकाला उंचवटा असतो, क्लॅम्प त्याच्या मागे, पाइपच्या टोकापासून आतल्या बाजूला बसला पाहिजे, उंचवट्यावर नाही.

बसवताना थोडी ढील ठेवा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन हलतं, ताणून बसवलेली नळी तोंडाशीच फाटते. एक्झॉस्टजवळून न्यायचीच असेल तर वरून फायबरग्लासची बाही चढवा. तिथे प्लॅस्टिकची टाय लावू नका, ती वितळते. गॅरेजमध्ये नळ्यांत धूर सोडून फट दाखवणारं मशीन असेल तर गळती लगेच कळते. चार-पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, क्लॅम्प पुन्हा आवळा.

मी नवी नळी बसवून पुन्हा गायमुख चढलो, येताना तुर्भेपर्यंत ठाणे-बेलापूर रोडने गाडी चांगली पळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, क्लॅम्पच्या काठावरून पांढरं फडकं फिरवलं. कोरडं निघालं.