जुन्या मॅकवर मेमरी वाटण्याआधी

मागच्या वेळी ही यादी केली नव्हती, म्हणून संध्याकाळभराचं काम गेलं. मशीन मॅक ओएस ९ चं, रॅम ६४ एमबी. या सिस्टीमवर कुठल्या अ‍ॅप्लिकेशनला किती मेमरी द्यायची हे आपणच ठरवायचं असतं. उघडताना जेवढं मिळालं तेवढंच. नंतर कितीही अडलं तरी एक केबी वाढवून मिळत नाही.

आधी बॅकअप. त्यावर बोलत नाही.

मग सगळं बंद करून रीस्टार्ट करा, फाइंडरमध्ये, म्हणजे फायली दाखवणाऱ्या मुख्य प्रोग्राममध्ये, या आणि अ‍ॅपल मेनूतून ‘अबाउट धिस कॉम्प्युटर’ उघडा. खालचे पट्टे नंतर बघा, आधी ‘लार्जेस्ट अनयूज्ड ब्लॉक’चा, म्हणजे सर्वांत मोठ्या सलग मोकळ्या जागेचा, आकडा कागदावर उतरवा. माझ्याकडे सिस्टीमनेच पंचवीसेक एमबी खाल्ले होते आणि साडेअडतीस उरले होते. आणि मी काय केलं, तर त्यातले ३८ फोटोशॉपला देऊन टाकले!

सिस्टीमसाठी जागा सोडा. मी हेच विसरलो. चित्र छान उघडलं, तीन तास काम झालं, प्रिंट दिलं आणि मेमरी पुरत नाही अशी पाटी आली. बॅकग्राउंड प्रिंटिंगला, म्हणजे आपलं काम चालू असताना मागे छपाई व्हायला, वेगळा छोटा प्रोग्राम उघडावा लागतो, त्यालाही स्वतःचा तुकडा लागतो, आणि तो कुठून येणार? मी हट्टाने पुन्हा प्रिंट दिलं. बाण जागच्या जागी थिजला. या सिस्टीममध्ये एका प्रोग्रामला दुसऱ्यापासून आडोसा नाही, एक कोसळला की बाकीच्यांनाही घेऊन जातो. सेव्ह केलेलं नव्हतं, हे सांगायला नकोच.

तर आता आकडा बदलायचा. अ‍ॅप्लिकेशन पूर्ण बंद हवं, कमांड-क्यू देऊन. नुसती खिडकी मिटवली तर ते आत चालूच राहतं आणि मेमरीच्या चौकटीत काही लिहिता येत नाही. मूळ अ‍ॅप्लिकेशनवर एक क्लिक, कमांड-आय म्हणजे ‘गेट इन्फो’, त्या खिडकीच्या वरच्या यादीतून ‘मेमरी’. एलियसवर, म्हणजे मूळाकडे नेणाऱ्या शॉर्टकटवर, केलंत तर हा भाग दिसणारच नाही, आणि मग अर्धा तास शोधत बसाल. तिथे तीन आकडे असतात. ‘सजेस्टेड’ बदलता येत नाही. ‘मिनिमम’ एवढीही जागा नसेल तर अ‍ॅप्लिकेशन उघडत नाही, आणि ‘प्रिफर्ड’ एवढी असेल तर तेवढी घेतं. आकडा केबीमध्ये लिहायचा, म्हणजे एमबी गुणिले १०२४. मी आता २८६७२ लिहितो, म्हणजे २८ एमबी. दहा एमबी मोकळे राहतात. ते रिकामे दिसतात म्हणून हात शिवशिवतो, पण सोडा. ते सिस्टीमचे आणि छपाईचे आहेत. मिनिमम मात्र खाली ओढू नका. अ‍ॅप्लिकेशन उघडेल, आणि मग ऐन कामात आपटेल.

उघडण्याचा क्रमही बघा. दिवसभर लागणारं मोठं आधी, किरकोळ नंतर. उलट केलं आणि मधलं एखादं बंद केलं की मेमरीत भोक पडतं. एकूण मोकळी जागा वीस एमबी दिसते, पण सलग दहाच असते, आणि अ‍ॅप्लिकेशनला सलगच लागते. म्हणूनच तो लार्जेस्ट ब्लॉकचा आकडा.

व्हर्च्युअल मेमरी, म्हणजे डिस्कची जागा मेमरीसारखी वापरणं, ‘मेमरी’ कंट्रोल पॅनलमध्ये. रॅमपेक्षा एक एमबी जास्त, म्हणजे ६५, एवढीच ठेवली तरी पॉवरपीसी या प्रोसेसरसाठीची अ‍ॅप्लिकेशनं कमी मेमरीत भागवतात, कारण त्यांचा सगळा कोड आधीच रॅममध्ये भरावा लागत नाही. किती फरक पडतो ते गेट इन्फोच्या तळाशी लिहिलेलं असतं. मोठा आकडा टाकू नका. फोटोशॉप स्वतःच डिस्कवर स्क्रॅच फाइल, म्हणजे कामापुरती तात्पुरती फाइल, ठेवतं, मग दोघं मिळून डिस्क घासत बसतात. बदल रीस्टार्टनंतरच लागू होतो.

डिस्क कॅश, म्हणजे डिस्कवरचं वारंवार लागणारं ठेवायला रॅममधली जागा: रॅमच्या एका एमबीमागे ३२ केबी धरा, म्हणजे इथे २०४८ केबी. रॅम डिस्क, म्हणजे रॅमचाच तुकडा डिस्कसारखा वापरणं, बंद. नको ती एक्स्टेंशन्स, म्हणजे सुरू होताना सिस्टीमला जोडले जाणारे छोटे प्रोग्राम, काढा, सिस्टीमचे एमबी बरेचसे तिथेच जातात.

रीस्टार्ट. पुन्हा अबाउट धिस कॉम्प्युटर. आता अ‍ॅप्लिकेशन उघडा, आणि खऱ्या कामाला हात लावण्याआधी एक फालतू पान छापून बघा. अडकलं तर प्रिफर्डमधून आणखी दोन एमबी काढा, नाहीतर बॅकग्राउंड प्रिंटिंग बंद करून छपाई संपेपर्यंत हात बांधून बसा. पान निघालं? मग कामाची फाइल उघडा, आणि प्रिंट देण्याआधी कमांड-एस.