कुत्रा शेल्टरमधून आणायचा की ब्रीडरकडून?

कोल्हापुरात घरी कुत्रा आणायचं ठरलं की पहिला फोन ओळखीतल्या कुणाला तरी जातो, "लॅबचं पिल्लू कुठं मिळंल?" जात आधी ठरते, बाकीचा विचार पिल्लू दारात आल्यावर. हा क्रम उलटा करा.

१. घरचा दिवस मांडा

दुपारी घरात कोण असतं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून तीन-चारदा थोडं थोडं खायला लागतं आणि दर दोन-तीन तासांनी शी-शूसाठी उचलावं लागतं. दोघं नोकरीला, पोरं शाळेत आणि आजीचे गुडघे धरलेले, अशा घरानं पिल्लाचा नाद सोडावा आणि दीड-दोन वर्षांचा कुत्रा बघावा. भर पावसातही फिरवणार कोण, तेही आत्ताच ठरवा. 'सगळे मिळून बघू' म्हणजे शेवटी आईच बघते. हस्कीचा विचार एप्रिलच्या दुपारी रंकाळ्यावर उभं राहून करावा, आपोआप सुटतो. पगचं नाक चपटं, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला धाप लागते.

२. आधी शेल्टर बघून या

विकत घ्यायचं पक्कं असलं तरी जा. माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्यानं शेल्टरमधला मोठा कुत्राच आणावा, आणि त्यामागं निव्वळ दया नाही. पिल्लू पुढं कसं निघेल हा अंदाज असतो. मोठ्या कुत्र्याचा आकार, स्वभाव, खोडी सगळं समोर दिसतं. तिथं गावठी जास्त असतात, पण हौस फिटल्यावर सोडून दिलेले लॅब आणि पगही सापडतात.

वेगवेगळ्या वेळी दोनदा जा. पिंजऱ्यासमोर थेट उभं राहून डोळ्यात डोळे घालू नका. जरा तिरकं बसा आणि हात मांडीवर ठेवा. थोड्या वेळानं वास घ्यायला पुढं आला तर चांगलं. कोपऱ्यात अंग चोरून बसलेला कुत्रा वाईट नसतो, पण त्याला वेळ द्यावा लागेल. मग पट्टा लावून बाहेर न्या. शेजारून मोटरसायकल गेली, पोरं ओरडत पळाली, तर काय करतो ते बघा. पिंजरे धुणाऱ्या माणसाला हळूच विचारा, 'खाताना गुरगुरतो का? मांजर दिसलं की काय करतो?' संस्थेच्या अध्यक्षांपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

लसीचं कार्ड आणि नसबंदीचा कागद मागा. गोचीड तापासाठी रक्त तपासलं नसेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्या. वरून धडधाकट दिसणाऱ्या कुत्र्यातही तो दबून असतो.

३. ब्रीडरकडे जायचंच असेल तर

पिल्लाआधी आई बघा. बाप दुसऱ्या गावचा असू शकतो, पण आई तिथंच हवी. ती माणसाजवळ येते का, बरगड्या वर आल्यात का, बसायची जागा कोरडी आहे का? 'स्टँडवर या, पिल्लू घेऊन येतो' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. दीड वर्षाच्या आत मादीची वीण घ्यायची नाही, आणि जन्मात पाचपेक्षा जास्त वेतं नकोत. 'हे कितवं वेत?' एवढं विचारलं तरी समोरच्याचा चेहरा बरंच सांगतो. केनेल क्लबचा (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) कागद वंशावळ दाखवतो, तब्येत नाही. लॅब आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष आई-बापाकडून येतो, म्हणून दोघांच्या खुब्याचे एक्स-रे मागा.

करवानीबद्दल, म्हणजे मुधोळ हाउंड या शिकारी कुत्र्याबद्दल, थोडं वेगळं. हा आपल्याच भागातला, मुधोळचा. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीटही निघालं. मळ्यावर राहत असाल आणि खात्रीचा पाळणारा माहीत असेल तर जरूर आणा. फ्लॅटमध्ये नको, त्याला धाव लागते आणि पळणारं काहीही दिसलं की तो हाकेला थांबत नाही. शिकारीसाठी आणत असाल तर लक्षात ठेवा, सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

४. खर्च आणि करार

दत्तक म्हणजे फुकट नव्हे. खाणं, लसी आणि औषधं दोन्हीकडे सारखीच. तांबड्या रश्शाचं उरलंसुरलं त्याच्या भांड्यात जायला नको: कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि शिजलेलं हाड आतड्यात रुततं. जमलं नाही तर कुत्रा परत कोण घेणार, हे दोन्हीकडे लिहून मागा. चांगलं शेल्टर ते स्वतःहून लिहितं, चांगला ब्रीडरही. टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

५. घरी आणल्यावर

दोन दिवसांत जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. पिल्लाला साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं लसी लागतात. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग दरवर्षी किंवा डॉक्टर सांगतील तशी. हा कोर्स संपेपर्यंत पिल्लाला गल्लीत खाली सोडू नका, कारण पार्व्होचा (पिल्लांना उलट्या-जुलाब होणारा जीवघेणा आजार) विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. मोठ्या कुत्र्याला पहिले काही दिवस एकच खोली, एकच भांडं आणि ठरलेल्या वेळा द्या. गल्लीतल्या सगळ्यांना दाखवण्याचा कार्यक्रम पुढच्या रविवारी.