धुऱ्यावरची रामकाठी बाभूळ: बियाण्यापासून वखराच्या लाकडापर्यंत

ब्लॅक लोकस्ट, म्हणजे रॉबिनिया, या झाडाबद्दल वाचून त्याचं बी कुठे मिळेल असं विचारणारे शेतकरी आता विदर्भातही भेटतात. झाड मोह पाडणारं आहे खरं. मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र जमिनीत आणतं, पडीक जागेत झपाट्याने वाढतं आणि त्याच्या लाकडाचा कुंपणाचा खांब वर्षानुवर्षं कुजत नाही. पण ते मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगरांतलं. पानं गाळून कडक हिवाळा काढायची त्याची सवय. आपल्या देशात ते काश्मीर-हिमाचलात रमलं. अकोला-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात त्याचे हाल करण्यात अर्थ नाही. शिवाय त्याची साल, पानं आणि बिया जनावरांना विषारी, घोड्यांना विशेष. मुळांवरून फुटवे काढत ते स्वतःच पसरत जातं. हंगेरीच्या जंगलाचा जवळपास चौथा हिस्सा आज या परक्या झाडाखाली आहे. तिथले लोक त्याचा मध आणि लाकूड विकतात, आणि गवताळ माळ त्याने गिळले म्हणून कुरकुरही करतात.

रॉबिनियाची ही सगळी कामं आपल्याकडे बाभूळ करते. फरक एकच, पण मोठा: बाभळीला मुळांवरून फुटवे येत नाहीत, आणि मोठं झाड तोडलं तर खुंटही फारसा फुटत नाही. ती बियाण्यावरूनच उभी करावी लागते. म्हणून बी निवडणं आणि पहिली दोन वर्षं रोप जगवणं, यातच खरी मेहनत आहे.

कोणती बाभूळ

धुऱ्यासाठी, म्हणजे शेताच्या बांधासाठी, रामकाठी या जातीची बाभूळच घ्या. तिच्या फांद्या खोडाला धरून सरळ वर जातात, सावली अरुंद पडते. पसरट गोडी बाभूळ लाकूड आणि शेंगा जास्त देते, पण तिची जागा नाल्याचा काठ, गोठ्यामागची पडीक जमीन, गावाचं चराईचं रान. कपाशीच्या शेजारी ती नको.

वेडी बाभूळ मात्र ओळखता आलीच पाहिजे. गावोगावी नाल्यांत माजलेली प्रोसोपिस ती हीच. बाभळीचं फूल पिवळं, गोल गोंड्यासारखं. वेडीचं फिकट, बोटभर लांब तुऱ्यासारखं. बाभळीची शेंग प्रत्येक बीजापाशी फुगलेली आणि मध्ये आवळलेली, माळेतल्या मण्यांसारखी. वेडीची शेंग सरळ, पिवळट, गोड. वेडी कितीही तोडली तरी बुडातून फुटते. रॉबिनियाने युरोपात केलं तेच तिने आपल्या पडीक जमिनींत केलं आहे.

बी

शेंगा एप्रिल-मे महिन्यात पिकतात. जमिनीवर पडून राहिलेल्या शेंगा वेचू नका. त्यांत भुंगेरा शिरतो आणि बी आतून पोकळ करतो. झाड हलवून किंवा आकडीने ताज्या शेंगा पाडा. रामकाठीचं झाड निवडताना जवळपास पसरट बाभूळ नसलेलं निवडा, नाहीतर परागीकरणाची सरमिसळ होते. तरीही सगळी रोपं आईसारखी निघतील असं नाही. पसरणारी रोपं पुढे विरळणीत काढता येतात.

बीजाचं कवच इतकं टणक की तसंच पेरलं तर काही बिया या पावसाळ्यात उगवतील, काही पुढच्या आणि काही कधीच नाही. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला शेळ्यांचा, आणि आमच्या मते सगळ्यात चांगला. गोळा केलेल्या शेंगा दावणीला बांधलेल्या शेळ्यांना घाला. शेळी रात्री रवंथ करताना बिया थुंकून टाकते, काही लेंडीतून पडतात. पोटातून गेलेल्या बीजाचं कवच मऊ पडलेलं असतं. सकाळी गोठ्याची जमीन झाडून बिया वेचा. रानात चरायला सोडलेल्या कळपाच्या गोठ्यातलं बी मात्र घेऊ नका, कारण त्यात वेडीचं बी हमखास असतं. शंका आली तर आकार बघा: बाभळीचं बी मोठं, चपटं, काळपट तपकिरी आणि त्याच्या अंगावर कडेला समांतर रेघ, वेडीचं लहान आणि फिकट.

शेळ्या नसतील तर गरम पाणी. बियांच्या पाचपट पाणी उकळा, भांडं चुलीवरून उतरवा आणि मग बिया टाका. चुलीवरच बिया उकळल्या की आतला कोंब मेला. त्याच पाण्यात २४ तास राहू द्या. तरंगणाऱ्या बिया किडक्या, त्या फेका. फुगलेल्या लगेच पेरा. न फुगलेल्या बियांना पुन्हा एकदा तसंच पाणी द्या.

बी फार लागत नाही. एक किलोत साधारण सात-आठ हजार बिया बसतात. १०० मीटरच्या धुऱ्यावर ५ मीटरने २० जागा, एका जागी ४ बिया, म्हणजे ८०. नांगी, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायला धरून २०० ठेवा. एवढं एका मुठीत मावतं.

कोणत्या धुऱ्यावर

भारी काळी जमीन बाभळीला मानवते. पावसाळ्यात पाणी साचलं तरी ती तग धरते, म्हणून पूर्व विदर्भात धानाच्या बांध्यांच्या पारीवरही चालते. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात, जिथे इतर झाडं पिवळी पडतात तिथेही बाभूळ उभी राहते. वऱ्हाडातली जुनी बाभूळबनं याच खोऱ्यातली. उथळ मुरमाड बरडावर ती खुरटते. तिथे हिवर लावा.

दिशेचा विचार लोक करत नाहीत आणि मग भांडणं होतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून पूर्व-पश्चिम धुऱ्यावरच्या झाडांची सावली उत्तरेकडच्या शेतावर पडते. तुमच्या उत्तरेच्या धुऱ्यावर झाडं लावली तर सावलीत शेजाऱ्याचा हरभरा येईल. दक्षिणेच्या धुऱ्यावर लावली तर तुमचा स्वतःचा. उत्तर-दक्षिण धुऱ्यावर सावली सकाळी एका बाजूला, दुपारनंतर दुसऱ्या बाजूला फिरते, कोणाच्याही पिकावर दिवसभर ठाण मांडत नाही. शक्य असेल तर तोच धुरा निवडा. सामाईक धुरा असेल तर बी टाकण्याआधी शेजाऱ्याशी बोला.

पेरणी

बाभळीचं सोटमूळ पहिल्याच पावसाळ्यात खोल जातं. पिशवीत ते तळाशी वेटोळं घालतं आणि असं रोप पुढे वाऱ्याने कलतं. म्हणून बी थेट जागेवरच लावा. उन्हाळ्यात प्रत्येक जागी ३० सेंमी लांब-रुंद आणि तितकीच खोल जमीन मोकळी करा, दोन पाट्या शेणखत मिसळा. जमीन एक वीत ओली होईल असा पाऊस झाला की ४ बिया दीड-दोन सेंमी खोल, एकमेकींपासून चार बोटांवर लावा. जास्त खोल गेलेलं बी काळ्या मातीच्या पापुद्र्याखाली कोंडतं. ८ ते १५ दिवसांत उगवण दिसते. महिन्याने दोन जोमदार रोपं ठेवा, पुढच्या वर्षी एक.

नांग्या भरण्यासाठी थोडी रोपं पिशवीत करायची असतील तर फेब्रुवारी-मार्चमध्ये १५ × २५ सेंमीच्या पिशव्यांत पेरा. दर तीन आठवड्यांनी पिशव्या जागेवरून सरकवा, म्हणजे मूळ जमिनीत घुसणार नाही. जुलैत लावून टाका; वर्षभर पिशवीत राहिलेलं रोप घेऊ नका.

पहिली दोन वर्षं

बाभळीला सावली अजिबात सोसत नाही. गवताने झाकलेलं रोप पिवळं पडून मरतं. पावसाळ्यात दोन-तीन वेळा बुडाभोवती अर्ध्या मीटरचं आळं खुरपून स्वच्छ ठेवा. तणनाशकाचा पंप धुऱ्यावर चालवू नका. सोयाबीनच्या हंगामात धुऱ्यावर मारलेलं ग्लायफोसेट जितकी रोपं घालवतं तितकी शेळ्याही घालवत नसतील. दुसरा शत्रू आग. उन्हाळ्यात धुरे पेटवायची पद्धत आहे. बोटभर जाडीचं रोप त्यात जगत नाही. धुरा पेटवू नका, आणि शेजारून आग येण्याची भीती असेल तर मार्चपूर्वी रोपांच्या दोन्ही बाजूंचं गवत कापून उचला.

शेळ्या आणि रोही (नीलगाई) कोवळे शेंडे खातात. जुन्या बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्या रोपाभोवती कमरेइतक्या रोवा. रोपाला पांढरे लांब काटे येतात, पण शेंडा जनावराच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ते पुरेसे पडत नाहीत.

छाटणी आणि मुळं

दुसऱ्या हिवाळ्यापासून, डिसेंबर ते फेब्रुवारीत, खालच्या फांद्या खोडालगत धारदार कोयत्याने काढा. झाडाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांशापेक्षा वर जाऊ नका. पावसाळ्यात छाटू नका, जखमेत कुज शिरते. काटे धुऱ्यावर पडू देऊ नका. बैलाच्या खुरात आणि ट्रॅक्टरच्या टायरमध्ये तेच जातात. छाटलेल्या फांद्या वाळवून कुंपणाला वापरा.

मोठ्या झाडाजवळची पिकाची एक-दोन तासं, म्हणजे ओळी, मार खातात, हे मान्य करूनच बाभूळ लावावी. नुकसान कमी ठेवायला खोडापासून सव्वा-दीड मीटरवर, पिकाच्या बाजूने, ६० सेंमी खोल आणि ३० सेंमी रुंद चर खणा. पसरणारी वरची मुळं त्यात तुटतात. दर दोन वर्षांनी उन्हाळ्यात तो मोकळा करा. दोन्ही बाजूंना एकाच वर्षी चर नको, झाड वादळात आडवं होतं.

खोडकिडा आणि बांडगूळ

बुडाशी लाकडाचा ओला भुसा दिसला, झाड शेंड्याकडून वाळू लागलं, की खोड आणि मुळं पोखरणारी अळी आत आहे असं समजा. भुंगा पावसाळ्याच्या सुरुवातीला निघतो आणि कोवळ्या खोडाची साल कुरतडतो. सकाळी रोपं हलवून भुंगे पाडा आणि मारा. छिद्र सापडलं तर तार घालून अळी टोचा, रॉकेलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सारा आणि चिखलाने बुजवा. पार पोखरलेलं रोप उपटून जाळा. मोठ्या झाडावर बांडगूळ दिसलं तर नुसतं तोडून भागत नाही. ते जिथे चिकटलं आहे त्याच्या वीतभर खालून फांदीच कापा, आणि फळं पिकण्याआधी, कारण पक्षी त्याचं बी पुढच्या झाडावर नेतात. पक्ष्यांपायी बाभूळ सोडू मात्र नका: खाटीक टोळ आणि किडे पकडून तिच्या काट्यांना टोचून ठेवतो, सुगरण विहिरीवरच्या फांदीला घरटी टांगते.

शेंगा, डिंक, लाकूड

शेंगा वाळवून भरडून शेळ्यांना द्या, पण टॅनिनमुळे हळूहळू वाढवत. एकदम टोपलीभर नको. डिंक मार्च ते मे महिन्यांत सालीला उथळ खाचा देऊन काढतात. खाच लाकडापर्यंत गेली की झाड खचतं.

वखर, डवरा, तिफण, जू आणि बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकाच्या आऱ्या-पुठ्ठ्यांचं लाकूड १२ ते १५ वर्षांत मिळतं. हिवाळ्यात तोडा. ओंडका चार-सहा आठवडे नाल्यात किंवा तळ्यात पूर्ण बुडवून ठेवा. त्यातला गोडवा पाण्यात निघून जातो आणि भुंगा लागत नाही. मग सावलीत वाळवा, उन्हात टाकला तर तडकतो. कुंपणाच्या खांबासाठी बाहेरचं पांढरं लाकूड तासून टाका आणि आतला लालसर गाभाच पुरा. पांढऱ्या लाकडाला वर्षभरातच वाळवी लागते.

तोडण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत सागासारखी झाडं आहेत. तोडीची परवानगी आणि लाकूड वाहून नेण्याचा पास या वेगळ्या गोष्टी आहेत. तोडलेल्या खुंटाची वाट बघत बसू नका. त्याच पावसाळ्यात शेजारी नव्या चार बिया टाका.