मुरत जाणारी लाल बर्गंडी चाखताना या चुका टाळा

फ्रान्समधील बर्गंडी प्रांताची नावाजलेली रेड वाइन चाखून हिरमोड झाला, तर पुष्कळदा दोष वाइनचा नसून बाटली उघडण्याच्या वेळेचा असतो. जेव्ह्रे-शांबेर्तां किंवा व्होन-रोमाने या गावांची चांगली प्रीमिए क्रू (वरच्या दर्जाच्या मळ्यांतील) वाइन सुरुवातीची काही वर्षे चेरी, रास्पबेरी आणि व्हायोलेटच्या फुलांचा मोकळा सुगंध देते. पुढे मात्र ती वर्षानुवर्षे मिटून राहू शकते, आणि त्या काळात फळाचा गंध दबतो, टॅनिन (द्राक्षाच्या सालीतले तुरट द्रव्य) कोरडे लागते व आंबटपणा टोचू लागतो. 2005 च्या हंगामाची ख्याती आरंभापासून मोठी होती, तरी त्यातील कित्येक बाटल्या दहा वर्षांनंतरही अशाच अबोल होत्या. अशा वेळी वाइन उतरली असे ठरवून उरलेल्या बाटल्या घाईने संपवणे ही सर्वांत महागडी चूक होय. खरोखर उतरलेल्या वाइनची चव मध्येच तुटते आणि मागे निव्वळ आंबटपणा उरतो. मिटलेल्या वाइनला गंध फारसा नसला, तरी घोट गिळल्यावर चव बराच वेळ रेंगाळते. म्हणून निकाल नाकावर सोडू नये.

रंगावर तर मुळीच सोडू नये. लाल बर्गंडी ज्या पिनो न्वार द्राक्षापासून बनते, त्याच्या सालीत रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे ग्लासच्या कडेला विटकरी छटा दिसणे हे वयाचे लक्षण आहे, बिघाडाचे नव्हे. ओला पालापाचोळा, अळंबी, चामडे हे वासही मुरलेल्या बर्गंडीचेच, आणि जाणकार त्यांच्यासाठीच थांबतात. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र बुचामुळे लागलेला दोष असतो व तो हवा देऊन जात नाही.

जुनी वाइन डिकँटरमध्ये (वाइनला हवा देण्याच्या काचेच्या सुरईत) तासन्‌तास ठेवल्यास तिचा नाजूक गंध उडून जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा बाटली आदल्या दिवशी उभी ठेवून गाळ तळाशी बसू द्यावा आणि रुंद पोटाच्या ग्लासात हलक्या हाताने ओतावी.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. मुंबई-पुण्याच्या तीस अंशांत अल्कोहोलच पुढे येते आणि वाइन बेचव भासते. पंधरा-सोळा अंशांपर्यंत ती थंड करूनच वाढावी.