पेनड्राइव्हवरची फोल्डरं ‘शॉर्टकट’ झाली? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून आणायची, घरी येऊन पेनड्राइव्ह लावायचा आणि बघावं तर प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण. घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करताना हा प्रकार मी अजूनही सारखा पाहतो. व्हायरसने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त पुढच्या दहा मिनिटांत घाबरून केलेल्या गोष्टींनी होतं.

परीक्षेच्या दिवसांत शेजारच्या इमारतीतली एक मुलगी धावत आली. “दादा, प्रोजेक्टच्या सगळ्या फोल्डरवर बाण आलेत.” उघडून बघितलंस का, असं विचारलं. “चार-पाच वेळा डबल क्लिक केलं. काहीच होईना म्हणून बाबांच्या लॅपटॉपला लावला. बाबा म्हणाले, फॉरमॅट मार, नाहीतर सगळीकडे पसरेल.” फॉरमॅट मारून झाला होता. वडिलांचा हेतू चांगलाच होता, पण मुलीची वर्षभराची मेहनत त्यात होती.

तो बाण म्हणजे फोल्डर नव्हेच. त्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘टार्गेट’च्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. तिथे सीएमडी, डब्ल्यूस्क्रिप्ट किंवा रनडीएलएल असं काही दिसलं, तर तो व्हायरस सुरू करणारा खटका आहे. कधीकधी तो फोल्डरही उघडून दाखवतो, त्यामुळे शंकाच येत नाही. डबल क्लिक केलं की तो कॉम्प्युटरमध्ये शिरतो आणि पुढे त्या कॉम्प्युटरला लावलेला प्रत्येक पेनड्राइव्ह बाधित होतो. तिने दोन मशीनवर हेच केलं होतं.

खऱ्या फाइल्स बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त लपवलेल्या. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ सुरू करा, मग ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिक काढा. पुष्कळदा बिननावाचं एक फिकट फोल्डर दिसू लागतं आणि सगळा डेटा त्यातच सापडतो. आधी ड्राइव्ह स्कॅन करा, मग आपल्या ओळखीच्या फाइल्स तेवढ्या दुसरीकडे कॉपी करा आणि फॉरमॅट त्यानंतरच. काम झालं की ती टिक परत लावा.

त्या मुलीच्या बाबतीत नशिबाने क्विक फॉरमॅट होता, म्हणजे फक्त फाइल्सची यादी पुसलेली, आणि नंतर त्यावर काहीही साठवलं नव्हतं. रिकव्हरी सॉफ्टवेअरने बराचसा डेटा परत आला, पण नावं गेलेली. शेकडो फाइल्स एकेक उघडून, कुठलं पान कुठल्या प्रकरणातलं हे ती रात्री दोनपर्यंत लावत बसली. तुमच्याकडूनही फॉरमॅट झालाच असेल, तर त्या ड्राइव्हवर एकही नवी फाइल टाकू नका.

पेनड्राइव्ह साफ केला आणि कॉम्प्युटर तसाच ठेवला, तर काहीच उपयोग नाही. ‘विंडोज सिक्युरिटी’मध्ये व्हायरसच्या विभागात ‘स्कॅन ऑप्शन्स’ आहेत. तिथला ‘ऑफलाइन स्कॅन’ निवडा. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते आणि साधारण पंधरा मिनिटांत संपते. विंडोज चालू असताना लपून राहणारे व्हायरस यात सापडण्याची शक्यता जास्त. आणि कृपा करून जोडीला दुसरा-तिसरा अँटीव्हायरस टाकू नका. ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि मशीन संथ होतं. एकच ठेवा, पण अपडेटेड.

सगळ्यात जास्त काळजी मला क्रॅक सॉफ्टवेअरची, म्हणजे लायसन्स तोडून फुकटात वाटलेल्या सॉफ्टवेअरची वाटते. ‘इन्स्टॉल करण्याआधी अँटीव्हायरस बंद करा’ अशी सूचना दिसली की तिथेच थांबा, दार तुमच्याच हातून उघडून घेतलं जातंय. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा व्हायरस, मुख्यतः अशाच क्रॅकमधून घराघरांत पोचलं. ते फाइल्सना कुलूप लावतं, चिठ्ठी ठेवतं आणि ९८० डॉलर मागतं, ७२ तासांत संपर्क केल्यास निम्मे. पैसे भरू नका, कुलूपबंद फाइल्स मात्र जपून ठेवा. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर काही प्रकारांच्या किल्ल्या मोफत मिळतात. आज नसलेली किल्ली पुढे येऊ शकते.

बॅकअपची हार्ड डिस्क कायम जोडून ठेवणं हीसुद्धा मोठी चूक. रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं. कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा.

विंडोज अपडेट पुढे ढकलू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर व्हायरस विंडोजमधल्या एका त्रुटीतून जगभर पसरला, तेव्हा त्या त्रुटीवरचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मार्चमध्येच येऊन गेलं होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीनला विंडोज ११ चालत नसेल, तर निदान १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून घ्या.

स्क्रीनभर लाल इशारा, भोंगा आणि ‘या नंबरवर फोन करा’ असं आलं, तर घरातल्या ज्येष्ठांना एवढं आवर्जून सांगून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. फोन केलाच असेल आणि समोरच्याने स्क्रीनचा ताबा घेतला असेल, तर आधी इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि बँकेलाही कळवा.

यानंतर पासवर्ड बदलताना लोक हमखास एक चूक करतात, ते त्याच बाधित कॉम्प्युटरवर बसून बदलतात. नवा पासवर्डही मग चोराकडेच जातो. स्वच्छ मोबाइलवरून बदला, सगळ्यात आधी ईमेलचा, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करणाऱ्या लिंक तिथेच येतात. आणि बदलताना ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ हा पर्यायही दाबा.