गुळाची पोळी: गूळ कडेपर्यंत पोचायला हवा

गुळाच्या पोळीची पारख मी कडेवरून करते. मधे गूळ सगळ्यांच्याच पोळीत असतो. काठाचा तुकडा मोडला आणि तिथेही गुळाचा पातळ थर दिसला, तर पोळी जमली. काठाला बोटभर नुसती कोरडी कणीक राहिली तर मुलं तेवढी कड ताटात टाकून उठतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. संक्रांत जवळ आली की भाचेसुनांचे फोन सुरू होतात. एक म्हणते, "मामी, गूळ फुटून बाहेर येतो." दुसरी म्हणते, "माझा मधेच बसून राहतो." दोघींना मी एकच सांगते: लाटायला घ्याल तेव्हा गूळ आणि कणीक सारखीच मऊ हवी. गूळ जास्त मऊ झाला तर तो कणीक फोडून बाहेर येतो. कणीक जास्त सैल असली तर ती पुढे पळते आणि गूळ मागे राहतो.

म्हणूनच पुरणपोळीचा हात इथे चालत नाही. तिथे कणीक तेलात तिंबून तिंबून सैल करायची, पुरण मऊसूत असतं, ते आपोआप पसरतं. गूळ तसा नाही. थंडीत तो आखडतो. त्याच्या जोडीला घट्ट, पुरीच्या कणकेसारखी कणीक लागते.

साधारण वीस पोळ्यांचं माप देते. माझी वाटी 150 मिलीलीटरची आहे. सारणाला 500 ग्रॅम गूळ, पाऊण वाटी बेसन, बेसन भाजायला पाव वाटी तेल, अर्धी वाटी तीळ, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, दोन चमचे खसखस, आणि वेलची-जायफळाची पूड मिळून एक लहान चमचा. वरच्या पारीला दोन वाट्या कणीक, एक वाटी मैदा, दोन चमचे बेसन, चार मोठे चमचे तेलाचं मोहन, चिमूटभर मीठ. माझ्या जाऊबाई मैदा अजिबात घालत नाहीत, नुसत्या कणकेची करतात. त्यांची पोळी जास्त खुसखुशीत होते हे खरं, पण लाटताना कडा चिरतात. हात बसलेला असेल तर तशी करावी. पहिल्यांदा करणाऱ्यांनी मैदा घ्यावा.

गूळ निवडण्यात कंजुषी किंवा घाई करू नका. चिक्कीचा गूळ तर घेऊच नका. तो तव्यावर वितळतो आणि गार झाला की चिवट, कडक होऊन दातांना चिकटतो. साधा, मऊ, तांबूस गूळ हवा. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू होतात, त्यामुळे जानेवारीत नवा गूळ मिळतो आणि तो पोळीला उत्तम. दुकानात थोडा चाखून बघा, काही गूळ चक्क खारट असतो. लख्ख पिवळ्या ढेपेला मी भुलत नाही. रंग उजळावा म्हणून उसाच्या रसात हायड्रोस नावाची रंग उडवणारी रासायनिक पावडर घालायची पद्धत आहे, आणि मला तो गूळ घरात नको असतो.

गूळ किसणीवर किसून घ्या. गॅसवर ठेवून वितळवायचा मोह होतो, कारण किसायला हात दुखतात, पण तो मोह टाळा. शिजलेल्या गुळाचा पाक होतो आणि पाक गार झाला की दगड. किसल्यावर परातीत घेऊन तळहाताने रगडा आणि जे खडे हाताला लागतील ते फोडा. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा राहिला तरी लाटताना पोळी तिथेच फाटते.

आता भाजणं. बेसन तेलात, बारीक गॅसवर, सतत हलवत भाजायचं. आधी ते जड लागतं, कढईच्या तळाला गोळा होऊन ओढल्यासारखं होतं. दहा-बारा मिनिटांनी उलथनं एकदम हलकं फिरायला लागतं, पीठ सैल पडतं आणि घरभर खमंग वास येतो. रंग बदामी झाला की उतरवा, कारण गरम कढईत ते आणखी भाजत राहतं. कच्चं राहिलं तर पोळी तोंडात चिकट लागते. बेसन गुळाला धरून ठेवतं, ते नसलं तर तव्यावर गूळ पातळ होऊन वाहतो. म्हणून जास्त घालावं असंही नाही. जास्त झालं की घास कोरडा होतो आणि तोठरा बसतो.

तीळ तडतडायला लागेपर्यंत भाजा. पॉलिश न केलेले गावरान तीळ मिळाले तर तेच घ्या, त्यांना चव जास्त. खोबरं मंद आचेवर गुलाबीसर करून हाताने चुरा. खसखस भाजून गरम असतानाच कुटा, गार झाली की ती बारीक होत नाही. तीळ मात्र गार करून मिक्सरमधून थांबत थांबत फिरवा. एकसारखा मिक्सर चालवला की तेल सुटून त्याचा लगदा होतो.

बेसन कोमट असताना गुळावर घाला, म्हणजे त्या उबेने गूळ सैल होतो. मग तीळ, खोबरं, खसखस, वेलची-जायफळ घालून कणीक मळतात तसं मळा. एकजीव गोळा झाला पाहिजे, त्यात पांढरे-पिवळे ठिपके दिसता कामा नयेत.

कणीक, मैदा, बेसन, मीठ एकत्र करा. तेल चांगलं कडकडीत तापवून त्यावर ओता. हाताला सोसवेल इतकं झालं की सगळ्या पिठाला चोळा. मूठ आवळल्यावर मुटका टिकला तर मोहन पुरेसं आहे. आता पाणी अगदी बेताने घालत घट्ट मळा आणि ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. गुळाचा गोळाही झाकून त्याच्याच शेजारी ठेवा. दोन्ही एकाच खोलीत एकाच हवेला राहतात, हे महत्त्वाचं. सारण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवलं तर सकाळी ते लाटण्याखाली हलणारच नाही.

तासाने कणीक पुन्हा मळून घ्या आणि मग मी जी परीक्षा कधीच चुकवत नाही ती करा. डाव्या हातात लिंबाएवढी कणीक, उजव्या हातात तेवढाच गूळ. दोन्हींवर अंगठा दाबायचा. दोन्हीकडे खळगा सारखाच पडायला हवा. गूळ दाद देत नसेल तर चमचाभर गरम तेल घालून पुन्हा मळा. फारच मऊ असेल तर थोडा तिळाचा कूट घाला. कणीक कडक असेल तर ओल्या हाताने मळा. गुळात दूध किंवा पाणी घालू नका. त्याने गूळ मऊ होतो, पण पोळी टिकत नाही. ही परीक्षा मधेमधेही करा, कारण दहा पोळ्या होईपर्यंत ओट्याजवळ गूळ तापून मऊ होतो, नाहीतर खिडकीच्या वाऱ्याने कडक होतो.

लाटायला कणकेच्या सुपारीएवढ्या दोन लाट्या घ्या आणि दोन्ही मिळून होईल तेवढी गुळाची गोळी. कुणी पुरणासारखा उंडा भरतात, पण त्यात खालच्या बाजूला कणकेचा गठ्ठा येतो. दोन पाऱ्यांची पद्धत चांगली. दोन्ही लाट्यांच्या छोट्या पुऱ्या लाटा. गुळाची गोळी तळहातावर चपटी करून पुरीपेक्षा जराच लहान चकती करा, ती एका पुरीवर ठेवून दुसरी वर पांघरा. कडेने बोटाने दाबत गोल फिरा. आत हवा राहू देऊ नका, ती तव्यावर फुगून पोळी फोडते.

पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरवा. लाटणं हलक्या हाताने, मधून कडेकडे फिरवा आणि पोळी उलटू नका, पोळपाटावरच फिरवत राहा. पारी पातळ होत गेली की खालून गुळाची तपकिरी सावली दिसायला लागते. नजर त्या सावलीवर ठेवा. ती कडेबरोबर सरकत असेल तर सगळं ठीक. मागे राहत असेल तर कडेवरचं लाटणं थांबवून मधून बाहेर थोडा दाब द्या. एवढं करूनही काठाला पांढरी पट्टी राहिली तर करंजीच्या कातण्याने ती गोल कापून टाका. कापलेल्या पट्ट्या तळून त्यावर तिखटमीठ टाकलं की मुलं तिथेच फस्त करतात. कुठे भोक पडलं तर कणकेची पातळ टिकली चिकटवून वर पिठी लावा.

तवा मध्यम तापलेला हवा. फार तापला तर वरून डाग पडतात आणि गूळ आतून उकळायला लागतो. तेल-तूप काही सोडायचं नाही. पोळी टाका, रंग बदलून बारीक फोड दिसले की रुंद उलथन्याने उलटा, दुसरी बाजू भाजा, गरज वाटली तर आणखी एकदा उलटा. दाबू नका. फुलक्यासारखी फुगवायची ही पोळी नव्हे. एखाद्या ठिकाणी गूळ फुटलाच तर पोळी काढून घ्या आणि तवा उलथन्याने खरवडून, दुमडलेल्या ओल्या फडक्याने पुसा. जळका गूळ तसाच राहिला तर पुढची पोळी चिकटते आणि कडू होते. बोट लावून बघू नका. वितळलेला गूळ कातडीला चिकटून बसतो आणि वाईट भाजतं. लहान मुलांना भाजताना गॅसजवळ येऊ देऊ नका, त्यांना लाट्या करायला बसवा.

भाजलेली पोळी सुती कापडावर एकेकटी पसरून ठेवा. वर्तमानपत्रावर नको, गरम पोळीला शाई लागते. एकावर एक रचायचं ते पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर वाफेने मऊ पडतात आणि एकमेकींना चिकटतात. डबा लहान असेल तर तव्यावरून काढल्या काढल्या घडी घाला. गार झालेली पोळी घडी घेत नाही, मोडते. घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस छान राहतात. मुलगी परगावी असते, तिच्या डब्यात मी दोन पोळ्यांमधे बटर पेपर घालते.

संक्रांत बहुतेक 14 जानेवारीला येते, एखाद्या वर्षी 15 ला, जशी 2024 मध्ये आली. पण पोळ्या त्याच दिवशी करायला बसू नका. आदल्या दिवशी भोगी, म्हणजे तिळाची बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी यातच ओटा अडकतो. भोगीच्याही आदल्या दिवशी दुपारी करा. शिवाय दोन दिवस मुरलेली पोळी ताज्या पोळीपेक्षा चवीला सरस लागते, जायफळ तोपर्यंत गुळात उतरलेलं असतं. वाढताना गरम करू नका. गार पोळी मोडून त्यावर रवाळ साजूक तूप, एवढंच.

सारण उरलं तर बाहेरच, कोरड्या बरणीत ठेवा, पंधरा दिवस काही होत नाही. पुढच्या वेळी घेताना बरणी गरम पाण्यात धरा, चमचाभर तेल लावून मळा आणि अंगठ्याने दाबून बघून मगच कणीक भिजवा.